धाकटी महालक्ष्मी आणि शेवटचा डाव

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मुलीने नाश्त्याच्या वेळी मला विचारलं, की आपल्या घराण्यात एकदाच घडलेली, पुन्हा कधीही न घडलेली अशी एखादी गोष्ट सांगा. मी ताबडतोब माझं प्रमोशन सांगितलं. बायको उपमा वाढता वाढता थांबली. मुलगी म्हणाली, "बाबा, ऐसी चीज चाहिए जिसमें किसी ने कुछ सोच के किया हो."

मुलगी इथेच रायपूरला राज्यशास्त्रात एम.ए. करते. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. म्हणजे मी मराठीत विचारतो, ती हिंदीत सांगते आणि माझी आई आम्हा दोघांनाही वऱ्हाडीत झापते. तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरात तीन पिढ्यांचा संवाद हा असा चालतो आणि तरी कोणाचं कोणावाचून अडत नाही.

तिच्या प्रबंधाचा विषय असा होता, की इतिहासात एकदाच घडलेली घटना गेम थिअरी लावून समजून घेता येते का. तिने तो मला समजावला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये हलवतो तशी मान हलवली. तिने ती लगेच ओळखली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. दुसऱ्या खेपेला जे डोक्यात शिरलं ते असं: माणूस काही करतो तेव्हा समोरचा काय करेल याचा अंदाज बांधूनच करतो. म्हणून कुठलीही घटना पत्त्यांच्या डावासारखी मांडून बघता येते. खेळणारे कोण, प्रत्येकाच्या हातात काय होतं, प्रत्येकाला काय हवं होतं, आणि मुख्य म्हणजे त्याने दुसरंच पान टाकलं असतं तर पुढे काय झालं असतं. तिच्या गाईडचा आक्षेप एवढाच होता, की शंभर वेळा नाणं उडवलं तर त्याबद्दल काहीतरी बोलता येतं; एकदाच पडलेल्या नाण्याला मागाहून कुठलीही गोष्ट चिकटवता येते. तेव्हा सुरुवात एखाद्या छोट्या घटनेने कर, ज्यातले लोक हयात आहेत, ज्यांना जाऊन विचारता येईल. पानिपत घेऊ नको, पानिपतातलं कोणी आता भेटत नाही.

आमच्याकडे भेटण्याजोगी ऐतिहासिक घटना एकच होती, ती म्हणजे महालक्ष्म्यांची वाटणी.

ज्यांच्याकडे गौरी म्हणतात त्यांच्यासाठी सांगतो. भाद्रपदात, गणपतीच्या दिवसांत, आम्हा मूळच्या विदर्भातल्या लोकांकडे महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. वर्षभर त्यांचे पितळी मुखवटे डब्यात असतात. मग त्या येतात, पुरणपोळी आणि आंबील जेवतात आणि जातात. त्या जोडीनेच बसतात. एकटी बसवत नाहीत. भाऊ वेगळे झाले तर देव थोरल्याकडे राहतात, हाही रिवाज. आमचे बाबा थोरले. त्यांचं आणि काकांचं मी शाळेत असताना कशावरून तरी वाजलं आणि काका भनपुरीकडे, त्यांच्या कारखान्याच्या बाजूला, घर करून राहायला गेले. भांडीकुंडी वाटली गेली. आणि काकू तिकडे राहायला गेल्यावर कळलं, की ज्येष्ठा आमच्या डब्यात आहे आणि कनिष्ठा काकूच्या ट्रंकेतून भनपुरीला गेली आहे.

कोणी कोणाला विचारलं नाही, कोणी परत मागितली नाही. पुढच्या भाद्रपदात काकू रिक्षातून, मांडीवर डबा घेऊन दारात आली. आता महालक्ष्मी जी घरात आणते तिचे पाय दूध-पाण्याने धुवायचे असतात. तेव्हा थोरल्या जावेने, म्हणजे माझ्या आईने, धाकट्या जावेचे पाय धुतले. तेव्हापासून दरवर्षी धुते आहे. बाकी वर्षभर दोघींचं बोलणं हळदी-कुंकवाइतकं, चिमटीभर. बाबा आणि काका मात्र त्याच दिवाळीला बोलायला लागले. आता दोघं रोज सकाळी फोनवर एकमेकांना आपली शुगर सांगतात. भांडण कशावरून झालं ते विचारलं तर बाबा म्हणतात कपाटावरून, काका म्हणतात स्कूटरवरून.

मुलीला हे ऐकून जो आनंद झाला तो माझ्या प्रमोशनचा कोणालाही झाला नव्हता. तिने वर्तमानपत्राच्या कडेला दोन वर्तुळं काढली आणि बाण मारले. तिचं म्हणणं, हा ओलिसांचा डाव आहे. पूर्वीचे राजे एकमेकांची पोरं ठेवून घ्यायचे तसा. काकू आली नाही तर आजीचा सण बुडतो, आजीने बोलावलं नाही तर काकूचा. दोघी एकमेकींना धाकात ठेवून आहेत, म्हणून दोघी नीट वागतात. वर काकूला पाय धुऊन मिळतात, तो फायदा वेगळा. त्या फायद्याला तिने आकडा दिला. आई पलीकडे शेंगा निवडत होती. ती म्हणाली, की पाय धुण्याचे मार्क देणारी शाळा तिने पहिल्यांदाच पाहिली.

मग मुलाखती झाल्या. छोटी आजी, म्हणजे काकू, मुखवटा घेऊन गेली तेव्हा तू कुठे होतीस, असं मुलीने आईला विचारलं. आई म्हणाली, स्वयंपाकघरात, आणखी कुठं असन मी. आणि एकदम वरण लागत असल्याचं तिला आठवलं. ती उठून आत गेली. गॅस बंद होता. काकूची मुलाखत फोनवर झाली. त्यात काकूने मुलीचं वय, वजन आणि लग्नाबद्दलचा विचार अशी माहिती गोळा केली आणि फोन ठेवला.

श्रावणात बातमी आली, की काका-काकू भनपुरीचं घर सोडून पुण्याला मुलाकडे जाणार, कायमचे. महालक्ष्म्या झाल्या की निघणार.

मुलीने वर्तमानपत्राचा तो तुकडा पुन्हा काढला. उद्या पुन्हा समोर बसायचं आहे म्हणून माणसं आज नीट वागतात, तिने मला समजावलं. पण हा शेवटचा डाव आहे हे सगळ्यांना माहीत असेल, तर उद्याचा धाक उरत नाही. "आखिरी राउंड में कोई नहीं निभाता, बाबा." कागदावर तरी काकू आपला मुखवटा परस्पर पुण्याला घेऊन जायला हवी. हे फक्त कागदावर आहे, हेही ती म्हणाली होती. ते मी ऐकलं नाही. मुलीच्या शिक्षणातलं एवढं एक वाक्य मला आयुष्यात पहिल्यांदा पुरतं कळलं होतं, ते मी हातचं कसं जाऊ देणार?

आणि लक्षणंही तशीच दिसायला लागली. दरवर्षी पोळा झाला की काकूचा फोन येतो. महालक्ष्म्यांवर फुलोरा टांगायचा असतो. त्यातल्या करंज्या कोणी तळायच्या, पापड्या कोणी, हे दोघी ठरवतात. यंदा पोळा झाला आणि फोन आला नाही. आई चिंच लावून ज्येष्ठेचा मुखवटा घासत बसायची. तो आधीच असा चकाकत होता, की त्यात बघून मी दाढी केली असती. घासता घासता विचारायची, काकूचा फोन आला का रे. तूच कर ना, मी म्हटलं. ती म्हणाली, "मी काहून करू? दरसाली ती करते." ती या घरात सून म्हणून आली तेव्हापासून महालक्ष्म्या चुकल्या नव्हत्या. आजारपणात नाही, बाबांच्या बदलीच्या वर्षीही नाही. यंदा धाकटी आली नाही तर थोरलीही डब्यातच राहणार, हे ती बोलत नव्हती. घासत होती.

मग मी मुत्सद्दीपणा केला. स्कूटर काढली आणि सदर बाजारात गेलो. एका दुकानात सांगितलं, एक महालक्ष्मी दाखवा, धाकटी. दुकानदाराने माझ्याकडे वरून खाली पाहिलं. "अकेली कौन बेचेगा भैया, ये तो बहनें हैं." मी बरीच घासाघीस केली, पण एकटी द्यायला तो तयार होईना. शेवटी जोडी घेऊन आलो. त्या दिवशी आमच्या घरात कनिष्ठा नव्हती म्हणून ज्येष्ठा दोन झाल्या, आणि हा हिशोब कुठल्याच शास्त्रात बसत नव्हता. खोका कपाटावर, रजयांच्या मागे लपवला. बायकोला तो त्याच संध्याकाळी सापडला, कारण तिला माझं लपवलेलं सगळंच सापडतं. तिने कपाळाला हात लावला आणि हे आईंच्या कानावर घालायचं नाही, एवढं मला बजावलं.

मुलीला मी आपण होऊन सांगितलं. वाटलं, शाबासकी मिळेल. तिने डोकं धरलं. मी डावच बदलला होता म्हणे. आतापर्यंत आजीला काकूवाचून पर्याय नव्हता, आता कपाटावर होता. काकूला कळलं तर ती काय समजेल? हेच, की तुमच्यावाचून आमचं चालतं. तिच्या सगळ्या आराखड्यात माझ्यासाठी एकही वर्तुळ नव्हतं. आता एक काढावं लागणार होतं. मी खोका घेऊन पुन्हा सदरला गेलो. दुकानदार म्हणाला, देवी वापस नहीं होती. खोका पुन्हा रजयांच्या मागे.

आणि दुसऱ्या दिवशी काकूचा फोन आला. सामान बांधण्यात दिवस कुठे गेले ते कळलंच नाही म्हणाली. करंज्या तिच्याकडे, पापड्या आमच्याकडे. त्या दिवशी आईने भाजीत दोनदा मीठ घातलं आणि आम्ही सगळ्यांनी ती मुकाट्याने खाल्ली.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी काका-काकू दुपारीच ऑटोने आले. मुहूर्त संध्याकाळचा होता. तोवर डबा बाहेरच्या खोलीत, काकूच्या शेजारी. काका आणि बाबा आत जाऊन बिनसाखरेचा चहा मागत बसले. महालक्ष्म्यांना साड्या नेसवायचं काम दरवर्षी काकूचं, कारण निऱ्या तिच्यासारख्या कोणाला येत नाहीत, हे आईसुद्धा मान्य करते. तेव्हा काकू जरीच्या साड्या काढायला स्वतःच कपाटाकडे गेली. साड्या कपाटाच्या वरच्या खणात होत्या. तिने स्टूल घेतलं, खण उघडताना वरची रजई घसरली, ती सारखी करायला गेली, आणि मागचा खोका हाताला लागला.

मी हे सगळं दारातून बघत होतो.

काकूने खोका पलंगावर ठेवून उघडला. कागदात गुंडाळलेले दोन कोरे करकरीत मुखवटे. डोळ्यांत काजळही भरलेलं नाही. तेवढ्यात आई आली. तिनेही पाहिलं. तिला काहीच माहीत नव्हतं, पण तिने विचारायच्या आधीच माझ्याकडे बघितलं.

"नव्या आणल्या वाटते," काकू म्हणाली.

"काकू, ते आपलं... बॅकअप म्हणून," मी म्हणालो. आयुष्यात अनेक चुकीच्या जागी अनेक चुकीचे शब्द मी वापरले आहेत, पण देवीसाठी हा पहिलाच.

काकूने खोका नीट बंद केला. बरं केलं म्हणाली, म्हातारपणी एवढ्या दुरून आता कोण आणते. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. बाहेर जाऊन तिने आपला डबा उचलला, काकांना ऑटो बघायला सांगितलं आणि पायात चपला सरकवल्या. काका हातात कप घेऊन उभे राहिले. बाबांनी, काय झालं, असं विचारलं. माझी बायको माझ्याकडे बघत नव्हती, म्हणजे रात्रीसाठी राखून ठेवत होती.

आई काकूच्या मागोमाग दारापर्यंत गेली.

"तू हिले नेलं ना, तेव्हा मी स्वयंपाकघरात नव्हती," ती म्हणाली. "इथंच उभी होती. ट्रंकेत ठेवताना पाह्यलं मी तुले."

काकू वळली नाही. "मले ठाऊक आहे, ताई. तुम्ही पाठ फिरवली होती."

"मग बोलली काहून नाही कधी?"

"काय बोलू? मले वाटलं, एवढं भांडण झालं, आता या दारात कोण बोलावते आपल्याले. ही सोबत असली तर बोलावाच लागन. आता तुमची तर जोडी झाली."

माझी मुलगी इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. आता तिने पुढे होऊन विचारलं, आणि विचारलं चक्क मराठीत. "आजी, छोटी आजी एखाद्या वर्षी आलीच नसती, तर तू काय केलं असतं?"

मी डोळे मिटून घेतले. ही काय प्रबंधाची वेळ होती?

"काय करणार," आई म्हणाली. "ज्येष्ठा घेऊन मीच गेली असती भनपुरीले. तिथं बसवल्या असत्या दोघी. देवीले काय पत्ता पाहून यायचं असते?"

काकू आता वळली. मग जे सांगितलं ते काकांनाही ठाऊक नसावं. दरसाली या आठवड्यात ती घरातल्या धान्याच्या दोन कोठ्या रिकाम्या करून, पुसून ठेवायची. महालक्ष्म्या उभ्या करायला कोठ्या लागतात. एखाद्या साली ताई चिडून इकडेच आल्या तर आपली फजिती नको, म्हणून. काका म्हणाले, अच्छा, म्हणून गहू दर भाद्रपदात बादलीत असायचे.

मुलगी तिथेच खाली बसली. मला नंतर तिने समजावलं, पण तेव्हाही थोडंफार कळलं होतं. तिचा सगळा डाव एका धाकावर उभा होता: एकीने मोडलं तर दुसरी अडून बसेल. आणि इथे दोघींनीही दुसरीने मोडल्यास काय करायचं ते मनात ठरवलं होतं, आणि अडून बसणं दोघींच्याही यादीत नव्हतं. थोरली निघायच्या तयारीत, धाकटी कोठ्या पुसून वाट बघते आहे. मात्र दोघींनाही वाटायचं, की समोरची हट्टाला पक्की आहे. जे कधी घडलंच नाही, ते काय घडेल याबद्दलच्या चुकीच्या अंदाजावर आमच्या घरातला सण सुरळीत चालला होता.

काकूने डबा खाली ठेवला नाही. पण चपला काढल्या.

संध्याकाळी दारापासून देवघरापर्यंत पावलं काढली. आईने खाली बसून काकूचे पाय धुतले, आणि गुडघ्यामुळे तिला उठता येईना, तेव्हा काकूनेच एका हाताने डबा सांभाळत दुसऱ्या हाताने तिला उठवलं. निऱ्या नेहमीसारख्या झाल्या. दुसऱ्या दिवशी मी पुरणपोळ्या किती खाल्ल्या ते बायकोने जाहीर केलं, ते इथे पुन्हा सांगत नाही. माझ्या खोक्यातल्या जोडीबद्दल आईने निकाल दिला: घरात आणल्या आहेस तर त्यांना कपाटावर धूळ खात ठेवायचं नाही, दर शुक्रवारी चिंच लावून तूच घासायच्या. मी घासतो. हाताला चिंचेचा वास येतो, ऑफिसात विचारतात.

मुलीने पुढे प्रबंध बदलून लिहिला. गाईडने विचारलं, की मग तुझी थिअरी खोटी ठरली का. ती म्हणाली, खेळणारे बरोबर होते, चाली बरोबर होत्या. कोणाला काय हवं होतं ते मी न विचारता भरलं होतं. घटना एकदाच घडली म्हणून अडलं नव्हतं म्हणे. विचारायला उशीर केला म्हणून अडलं. त्यांनी वरच्या श्रेणीत पास केलं. एक तळटीप माझ्यावर आहे, त्यात मला 'बाहेरचा घटक' म्हटलं आहे.

पण हे सगळं पुढचं. महालक्ष्म्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका-काकू निघाले. ऑटो दारात लागला होता. सामान चढवून झालं. काकूने थोरल्यांच्या पाया पडण्याचा, धाकट्यांच्या पाठीवरून हात फिरवण्याचा कार्यक्रम उरकला आणि मग आपला डबा आईच्या हातात दिला. पुण्याला फ्लॅट लहान आहे, म्हणाली, सुनेला यातलं काही येत नाही, आणि दरवर्षी येणं आता होईल न होईल. जोडी इथेच राहू द्या. देव थोरल्याकडेच असतात.

मी मुलीकडे बघितलं. तिचे डोळे चमकत होते. शेवटच्या डावात एका खेळाडूने आपलं एकमेव पान आपण होऊन समोरच्याला दिलं होतं. आणि आईला तर हेच हवं असणार, असं मला वाटलं. इतकी वर्षं अर्धा असलेला देव पुरा होत होता.

आईने डबा हातात धरला. झाकण उघडून एकदा कनिष्ठेकडे बघितलं, पदराने तिच्या गालावरचं कुंकू थोडं पुसलं, झाकण लावलं आणि ऑटोत बसलेल्या काकूच्या मांडीवर डबा ठेवून दिला.

"दोन्ही इथं राह्यल्या तर तुले यायचं काय काम पडन?"

काकूने दोन्ही हातांनी डबा धरला. काका पुढे ऑटोवाल्याशेजारी बसून स्टेशनला कुठल्या रस्त्याने जायचं याबद्दल वाद घालत होते. ऑटो निघाला, वळला आणि दिसेनासा झाला.

आई आत आली. फुलोरा अजून टांगलेला होता, तो उतरवायचा होता. तिने मला स्टूल आणायला सांगितलं. मी वर चढून करंज्या सोडवत असताना तिने खालून विचारलं, की रायपूरहून पुण्याला थेट गाडी आहे का, की नागपूरला बदलावी लागते. मी म्हटलं, थेट आहे, पण तुला कशाला? पुढच्या साली तुझी काकू आली तर बसवू इथंच, ती म्हणाली, आणि तिला येणं नाही जमलं तर आपण जाऊ. गुडघ्यासाठी लोअर बर्थ मिळाला पाहिजे. रिझर्वेशन किती आधी सुरू होते ते पाहून ठेव.